भरलेली टाकी आणि उपाशी एंजिन

घरात धान्याची कणगी भरलेली असावी आणि तरीही चुलीवर भांडे चढू नये, असे सहसा घडत नाही. यंत्रांच्या जगात मात्र असा प्रसंग अनेकदा येतो. मोटारीच्या टाकीत नऊ लिटर पेट्रोल खळखळत असते आणि त्याच क्षणी थेंबभर पेट्रोल न मिळाल्यामुळे तिचे एंजिन अडखळू लागते. चालक काट्याकडे पाहतो, तर टाकीत पेट्रोल आहे असेच काटा सांगतो. काटा खोटे बोलत नाही आणि एंजिनही खोटे बोलत नाही. पेट्रोल गाडीत असते, परंतु जेथे हवे तेथे नसते. या अवस्थेला यंत्रज्ञ इंधनाची उपासमार म्हणतात. ही उपासमार का घडते आणि ती टाळण्यासाठी माणसाने कोणत्या युक्त्या योजल्या, हे जाणून घेणे मनोरंजक आहे आणि उपयुक्तही आहे.

मोटारगाडी बहुधा कारखान्यातून पूर्ण तयार होऊनच बाहेर पडते. इंग्लंडमध्ये मात्र एका निराळ्या प्रकारच्या मोटारींची परंपरा आहे. तेथे गाडीचा सांगाडा, पत्रे, चाके, एंजिन, टाकी, नळ्या आणि तारा असा सुट्या भागांचा संच ग्राहकाच्या घरी येतो आणि ग्राहक स्वतःच्या हातांनी त्या भागांची जुळणी करतो. अशा गाडीला ‘किट कार’ म्हणतात. कॉलिन चॅपमन या इंग्रज अभियंत्याने १९५७ साली बाजारात आणलेली ‘लोटस सेव्हन’ ही या प्रकारातील अत्यंत प्रसिद्ध गाडी होय. ती ठेंगणी व उघडी होती आणि वजनाने फारच हलकी होती. त्या काळी इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर खरेदी-कर द्यावा लागे, पण सुट्या भागांच्या संचावर तो नसे. म्हणून बेताच्या मिळकतीच्या हौशी माणसालाही असा संच परवडे. १९७३ साली करपद्धती बदलली आणि संचाचा हा लाभ संपला. त्याच वर्षी लोटस कंपनीने सेव्हन गाडी बनविण्याचे हक्क केटरहॅम कार्स या कंपनीला दिले. लाभ संपला तरी हौस संपली नाही. त्याच घडणीच्या गाड्या पुढेही सुट्या संचाच्या रूपाने घरोघर येत राहिल्या आणि जुळविल्या जात राहिल्या.

आपल्या हातांनी गाडी उभी करण्यात जसा आनंद आहे, तशीच मोठी जबाबदारीही आहे. कारखान्यात अनेक तज्ज्ञ प्रत्येक भागाची पारख करतात. घरी जुळणी करणाऱ्याला टाकी कोठे बसवावी, नळी कोठून न्यावी, पंप कोणत्या उंचीवर ठेवावा, हे स्वतः समजून घ्यावे लागते. रस्त्यावर सावकाश जाताना एखादी चूक महिनोन्‌महिने लपून राहते. तीच गाडी शर्यतीच्या मार्गावर वेगाने धावू लागली की पहिल्याच मोठ्या वळणावर ती चूक उघडकीस येते.

इंग्लंडच्या दक्षिणेस चिचेस्टर गावाजवळ गुडवुड नावाचा असा एक मार्ग आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे वेस्टहॅम्पनेट नावाचा विमानतळ होता आणि तेथून स्पिटफायर जातीची लढाऊ विमाने आकाशात झेपावत. विमानतळाच्या कडेने एक वर्तुळाकार रस्ता होता. युद्ध संपल्यावर त्याच रस्त्यावर १९४८ साली मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. १९६६ साली त्या थांबल्या आणि १९९८ साली पुन्हा सुरू झाल्या. या मार्गाची एक फेरी सुमारे पावणेचार किलोमीटरची आहे. गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, त्यामुळे बहुतेक वळणे उजवीकडे घ्यावी लागतात. अशा मार्गांवर काही दिवस हौशी लोकांसाठी राखून ठेवलेले असतात. त्या दिवशी कोणाशी स्पर्धा नसते, आपल्या गाडीची आणि आपल्या कौशल्याची परीक्षा असते.

अशा वेळी चालक गाडी वेगात घेऊन एका लांबलचक उजव्या वळणात शिरतो. पहिल्या काही फेऱ्या उत्तम जातात. टाकीतील पेट्रोल जसजसे कमी होते, तसतशी वळणाच्या मध्यावर एंजिनाला उचकी लागू लागते. त्याचा आवाज तुटतो, जोर ओसरतो आणि वळण संपताच ते पूर्ववत गर्जू लागते. ही उचकी क्षुल्लक नव्हे. वेगाने वळणाऱ्या गाडीची चाके रस्त्याला मोठ्या कष्टाने धरून असतात. एंजिनाचा जोर अकस्मात गेला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडीची शेपटी घसरून ती गरकन फिरू शकते. मागून दुसरी गाडी येत असेल तर दोन्ही चालकांचे प्राण संकटात येतात.

अपघात टळला तरी यंत्राची हानी टळतेच असे नाही. पूर्ण जोरात चालणाऱ्या एंजिनाला हवा पुरेशी आणि पेट्रोल अपुरे मिळाले, तर आतील ज्वलन बिघडते, उष्णता वाढते आणि दट्ट्यांना इजा होते. विजेच्या पंपाला तर त्यातून वाहणारे पेट्रोलच थंडावा देते आणि वंगणाचे कामही करते. तो वारंवार कोरडा फिरू लागला की लवकर झिजतो. अशा रीतीने एका क्षणाची उपासमार चालक, एंजिन आणि पंप या तिघांनाही बाधक ठरते.

या संकटाचे मूळ एका साध्या निसर्गनियमात आहे. गतिमान वस्तू आपली गती आणि आपली दिशा आपण होऊन सोडीत नाही. या गुणधर्माला जडत्व म्हणतात. एस. टी. गाडी घाटात उजवीकडे वळली की उतारू डावीकडे कलंडतात. त्यांना कोणी ढकललेले नसते. गाडी वळलेली असते, पण त्यांची शरीरे सरळ जाऊ पाहत असतात. घट्ट बांधलेली पेटी जागची हलत नाही, परंतु पाण्याने अर्धा भरलेला हंडा असेल तर पाणी त्याच्या एका काठाकडे चढते. द्रवाला स्वतःचा आकार नसतो, म्हणून जडत्वाची हाक तो सर्वांत आधी ऐकतो. टाकीतील पेट्रोलही असेच वागते. गाडी उजवीकडे वळली की ते डाव्या भिंतीवर चढते, डावीकडे वळली की उजव्या भिंतीवर चढते. ब्रेक लावताच ते पुढे धावते आणि वेग वाढताच मागे जाऊन बसते.

ते किती चढते, याचे गणित मांडता येते. समजा, वळणाची त्रिज्या ४० मीटर आहे आणि गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर आहे. वेगाचा वर्ग करून त्याला त्रिज्येने भागले असता १० हे उत्तर येते. पृथ्वीच्या ओढीमुळे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो, जवळजवळ तितकाच हा आकडा आहे. याचा अर्थ असा की, पृथ्वी पेट्रोलाला जितक्या जोराने खाली ओढते, तितक्याच जोराने ते वळणाच्या बाहेरच्या बाजूस रेटले जात आहे असे टाकीच्या आत भासते. दोन सारखे जोर काटकोनात काम करू लागले की द्रवाचा पृष्ठभाग दोघांच्या मधोमध कलतो. म्हणून पेट्रोलाचा पृष्ठभाग सपाट न राहता ४५ अंशांनी तिरका होतो. चांगले टायर लावलेली हलकी गाडी असे वळण घेऊ शकते.

आता एक काल्पनिक टाकी डोळ्यांपुढे आणावी. ती ६० सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर लांब आहे. तीत ३६ लिटर पेट्रोल मावते. पंपाकडे जाणारी शोषनळी तळाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे प्रत्येक बाजूच्या भिंतीपासून ३० सेंटिमीटरांवर आहे. टाकी पाव भरली असेल तर तीत ९ लिटर पेट्रोल असून त्याची खोली ५ सेंटिमीटर असते. गाडी उभी असताना नळीचे तोंड पेट्रोलात चांगले बुडालेले राहते. परंतु वर सांगितलेल्या वळणात हेच ९ लिटर पेट्रोल बाहेरच्या भिंतीशी ढिगासारखे उभे राहते आणि टाकीच्या छताला जाऊन भिडते. तळाचा त्या भिंतीजवळचा २५ सेंटिमीटरांचा पट्टाच काय तो ओला राहतो, उरलेला ३५ सेंटिमीटरांचा तळ कोरडा पडतो. शोषनळी असते ३० सेंटिमीटरांवर, म्हणजे कोरड्या भागात! पंप पेट्रोलाऐवजी हवा ओढू लागतो आणि एंजिनाला उचकी लागते.

टाकी अर्धी भरलेली असेल, तर याच वळणात तळाचा ४० सेंटिमीटरांचा पट्टा ओला राहतो आणि मध्यावरची नळी बुडलेली राहते. पहिल्या फेऱ्यांत गाडी निर्दोष का धावली आणि पुढे का अडखळली, याचा उलगडा येथे होतो. म्हणूनच जाणकार चालक पहिला उपदेश करतात तो हा की, शर्यतीच्या मार्गावर टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. हा उपाय सर्वांत स्वस्त खरा, पण तो पुरा नव्हे. जादा पेट्रोलाचे ओझे हलक्या गाडीला जाचते, आणि वळण अधिक लांब व वेग अधिक असला की अर्धी टाकीही दगा देते.

शोषनळी बाहेरच्या भिंतीजवळ नेली तर काय होईल, असा प्रश्न कोणाही चौकस मुलाला पडेल. उजव्या वळणांवर त्याचा लाभ होईल. परंतु उजव्या वळणांच्या मार्गावरही एखादे डावे वळण असतेच, आणि तेथे पेट्रोल उजव्या भिंतीकडे पळून नळी पुन्हा कोरडी पडेल. पेट्रोल ज्या बाजूस पळते त्या बाजूस नळी नेण्यापेक्षा नळीजवळचे पेट्रोल पळू न देणे, हाच खरा मार्ग होय.

त्यासाठी टाकीच्या आत धातूच्या आडभिंती बसवितात. त्यांना खाली लहान लहान छिद्रे ठेवलेली असतात. पेट्रोल त्यांतून सावकाश ये-जा करू शकते, पण लोंढ्यासारखे एकदम धावू शकत नाही. रस्त्याने पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या टँकरच्या पोटातही याच हेतूने अशा भिंती असतात. एका मोठ्या लाटेचे अनेक लहान लाटांत विभाजन झाले की तिचा जोर मोडतो. याहून अधिक चतुर रचनाही आहे. शोषनळीभोवती चार भिंतींची एक लहानशी पेटी करतात आणि तिच्या भिंतींना आतल्या बाजूस उघडणाऱ्या झडपा लावतात. पेट्रोल पेटीकडे धावले की झडप उघडून ते आत येते. ते बाहेर पळू लागले की त्याच्याच दाबाने झडप मिटते. आत शिरलेल्याला सहज बाहेर पडता येत नाही, म्हणून नळीजवळचा साठा टिकून राहतो.

दुसरा उपाय स्पंजाचा. पेट्रोलात न विरघळणाऱ्या खास सच्छिद्र फेसाचे ठोकळे टाकीत भरतात. त्यांची छिद्रे एकमेकांना जोडलेली असल्यामुळे पेट्रोल त्यांतून झिरपते, मात्र हिंदकळत नाही. याचा प्रत्यय घरच्या घरी घेता येतो. झाकणाचा एक चौकोनी पारदर्शक डबा घेऊन तो पाव भरेल इतके पाणी त्यात घालावे आणि तो मेजावर झटकन बाजूला सरकवावा. पाणी एका भिंतीवर चढलेले स्पष्ट दिसेल. मग त्यात स्वच्छ स्पंजाचे तुकडे दाटीने भरून तीच कृती पुन्हा करावी. पाणी आता पुष्कळच शांत राहील. या प्रयोगासाठी पाणीच वापरावे. पेट्रोलाची वाफ ठिणगीने भडकते, म्हणून मुलांनी त्याला हात लावू नये.

आडभिंती आणि स्पंज हे उपाय पेट्रोलाची धाव मंद करतात. पण तरीही हवेचा एखादा बुडबुडा पंपात शिरलाच तर काय? जुन्या गाड्यांत याची फारशी चिंता नसे. त्यांच्या एंजिनावर कार्बोरेटर असे आणि कार्बोरेटरच्या पोटात पेट्रोलाची एक लहान वाटी असे. पंपाला क्षणभर हवा लागली तरी वाटीतील शिल्लक पेट्रोलावर एंजिनाचा निर्वाह होई. पुढे पेट्रोलाची दाबाने फवारणी करणारी एंजिने आली. त्यांत ही वाटी नसते, आणि नळीतील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट ठेवावा लागतो. बुडबुडा आला की दाब कोसळतो आणि फवारा तुटतो. जुन्या धर्तीच्या सेव्हनसारख्या गाडीत कोणी हौसेने असे नवे एंजिन बसविले आणि टाकी मात्र जुनीच ठेवली, तर उपासमारीला आमंत्रणच मिळते.

एका वळणासाठी एंजिनाला पेट्रोल तरी किती लागते? सुमारे १०० किलोवॉट शक्तीचे एंजिन पूर्ण जोराने चालले तर तासाला अदमासे ४० लिटर, म्हणजे सेकंदाला ११ मिलिलिटर पेट्रोल पिते. वर सांगितलेल्या ४० मीटर त्रिज्येच्या वळणात गाडी अर्धे वर्तुळ फिरली तर तिला सुमारे ६ सेकंद लागतात. या ६ सेकंदांची गरज ७० मिलिलिटरांहून अधिक नाही. हे पेट्रोल चहाच्या एका लहान पेल्यात मावेल! टाकीत ९,००० मिलिलिटर असताना केवळ ७० मिलिलिटर वेळेवर न मिळाल्यामुळे गाडी संकटात सापडते. हे ध्यानी आले की उपायही आपोआप सुचतो. एवढे थोडे पेट्रोल एंजिनाजवळ सदैव तयार ठेवले म्हणजे काम भागते.

या विचारातून एक युक्ती निघाली. मोठ्या टाकीखेरीज एक किंवा दोन लिटरांचे उंच व अरुंद भांडे गाडीत बसवितात. त्याला इंग्लंडमधील कारागीर ‘स्वर्ल पॉट’, म्हणजे भोवऱ्याचे भांडे म्हणतात. पहिला पंप मोठ्या टाकीतून पेट्रोल ओढून या भांड्यात सतत ओतीत राहतो. दुसरा, अधिक दाबाचा पंप भांड्याच्या तळातून पेट्रोल घेऊन एंजिनाला पुरवितो. एंजिनाने न वापरलेले पेट्रोल परत याच भांड्यात येते. ते कडेने आत सोडल्यामुळे भोवऱ्यासारखे गोल फिरते. त्यात मिसळलेली हवा हलकी असल्याने मध्यभागी जमून वर चढते आणि माथ्यावरच्या नळीने, जादा झालेल्या पेट्रोलासह, मोठ्या टाकीत परत जाते. भांडे काठोकाठ भरलेले असल्यामुळे त्यातील पेट्रोलाला हिंदकळण्यास जागाच नसते. वळणात पहिल्या पंपाने थोडी हवा ओढली तरी ती वरच्या वर निघून जाते. तळाशी असलेल्या पंपाला ती दिसतही नाही. वळण संपले की पहिला पंप भांड्यातील तूट भरून काढतो. लिटरभर पेट्रोलात पूर्ण जोराने चालणारे एंजिन दीड मिनिट तग धरते, आणि एवढे लांब वळण तर कोणत्याच मार्गावर नसते.

द्रवाच्या या चंचलपणाचा जाच एकदा एका राष्ट्रालाही झाला होता. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात इंग्रज आणि जर्मन विमानांचे घनघोर युद्ध झाले. आज जेथे मोटारी धावतात, त्या वेस्टहॅम्पनेटच्या तळावरूनही त्यावेळी विमाने लढत होती. इंग्रजांच्या स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांत मर्लिन नावाचे एंजिन असे, आणि त्याच्या कार्बोरेटरमध्ये, घरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा, तरंगणारा नियंत्रक असे. शत्रूचा पाठलाग करताना वैमानिकाने विमानाचे नाक एकाएकी खाली केले, की पाळणा वरून खाली येताना पोटात जसा गोळा येतो तशी स्थिती विमानातील प्रत्येक वस्तूची होई. कार्बोरेटरमधील पेट्रोल छताकडे उडे आणि एंजिन उपाशी राही. लगेच नियंत्रक फसून त्याचा मार्ग सताड उघडे, पेट्रोलाचा लोंढा आत शिरे आणि एंजिन गुदमरे. जर्मनांच्या मेसरश्मिट विमानात पेट्रोलाची फवारणी होत असल्याने त्याला ही अडचण नसे, म्हणून ते सूर मारून निसटून जाई.

फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधन संस्थेत बीट्रिस शिलिंग नावाच्या अभियंता होत्या. त्यांचा जन्म १९०९ सालचा. मँचेस्टर विद्यापीठात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. मोटारसायकलच्या शर्यतींतही त्या निष्णात होत्या आणि ब्रुकलँड्सच्या मार्गावर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारून त्यांनी सुवर्णतारा मिळविला होता. त्यांनी या दोषाचा अभ्यास केला. एंजिनाला पूर्ण जोरात जेवढे पेट्रोल लागते तेवढेच जाऊ शकेल, असे मोजून पाडलेले छिद्र असलेला धातूचा एक लहानसा तुकडा त्यांनी इंधनाच्या नळीत बसविला. त्यामुळे लोंढा येईनासा झाला. विमाने कामातून काढून न घेता हा तुकडा बसविता येई, हा त्याचा मोठाच गुण होता. १९४१ सालच्या मार्च महिन्यापासून शिलिंग आणि त्यांचे सहकारी तळातळांवर जाऊन तो बसवू लागले. दोष समूळ गेला नाही, तथापि वैमानिकांना आता अकस्मात खाली झेप घेताना एंजिन बंद पडण्याचे भय उरले नाही. दोष नेमका कोठे आहे हे कळले की उपाय किती लहान असू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

गाडी जुळविणाऱ्यानेही याच रीतीने आधी दोष ओळखावा आणि मग हत्यार हाती घ्यावे. एंजिन केवळ लांब वळणात आणि टाकी रिकामी होत आली असताना अडखळत असेल, तर पेट्रोल टाकीच्या एका बाजूस पळत आहे असे समजावे. ते सरळ रस्त्यावर, पूर्ण वेगात अडखळत असेल, तर गाळणी तुंबली असेल, नळी कोठे तरी चेपली असेल किंवा पंप दुबळा असेल. काही वेळ धावल्यावर जोर ओसरत असेल आणि टाकीचे झाकण उघडताच हवा सूं करून आत शिरत असेल, तर टाकीत हवा येण्याचे छिद्र बुजले आहे. पेट्रोल जितके बाहेर जाते तितकी हवा आत यावीच लागते, नाही तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पंपाला पेट्रोल ओढवत नाही. तापलेली गाडी थोडा वेळ उभी राहून पुन्हा निघताना अडत असेल, तर उष्णतेने नळीतील पेट्रोलाची वाफ झाली असण्याचा संभव असतो. तेव्हा नळी एंजिनाच्या आणि धुराड्याच्या उष्णतेपासून दूर न्यावी. लक्षण एकच, कारणे मात्र चार! जो वैद्य नाडी न पाहताच औषध देतो, त्याचा रोगी बरा होत नाही.

उपाय करतानाही दक्षता हवी. पेट्रोलाची प्रत्येक नळी आणि जोड त्या दाबाला टिकणारा असावा. भांडे अपघातात चेपणार नाही अशा जागी घट्ट बसवावे. काम मोकळ्या हवेत करावे आणि जवळ ज्योत वा ठिणगी येऊ देऊ नये. जुळणी पूर्ण झाल्यावर प्रथम गाडी उभी असतानाच पंप चालवून प्रत्येक जोडावरून नजर फिरवावी. एक थेंब गळत असला तरी ती मार्गावर नेऊ नये.

हे सारे झाले म्हणजे गाडी पुन्हा त्याच लांब उजव्या वळणात शिरते. टाकीतील पेट्रोल पूर्वीप्रमाणेच डाव्या भिंतीवर चढते. निसर्गाचा नियम बदललेला नसतो आणि तो बदलणे कोणाच्या हातीही नसते. मात्र त्या नियमाची जाण ठेवून कोणी तरी लिटरभर पेट्रोलाची सोय आधीच केलेली असते. म्हणून एंजिनाचा सूर तुटत नाही, मागची चाके रस्ता सोडीत नाहीत आणि चालक सुखरूप वळणाबाहेर येतो.